हरवलेली बारा मिनिटे
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात एक वाद झाला. सॅम पेकिनपा या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘मेजर डंडी’ हा १९६५ सालचा वेस्टर्न चित्रपट आम्ही नुकताच पाहिला होता. पूर्वार्धाने सर्वांना खिळवून ठेवले, उत्तरार्धात मात्र निम्मे जण चुळबुळ करू लागले. चर्चेत मी मोठ्या आवेशाने म्हणालो, “यात दिग्दर्शकाचा दोष नाही. कंपनीने कात्री चालवली आणि चित्रपटाचा घात केला. कापलेली दृश्ये परत जोडलेली आवृत्ती पाहा, म्हणजे कळेल!” गंमत अशी की ती आवृत्ती मी स्वतःही पाहिली नव्हती. पुढे सुट्टीत दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहिल्या आणि माझे मत मला बदलावे लागले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या बदललेल्या मताचा हिशेब आहे.

प्रथम कथानक थोडक्यात पाहू. काळ अमेरिकन यादवी युद्धाचा. उत्तरेच्या सैन्यातील मेजर डंडी (चार्ल्टन हेस्टन) न्यू मेक्सिकोतील एका किल्ल्यात युद्धकैद्यांवर पहारा करीत बसला आहे. सिएरा चारिबा हा अपाची नायक एका वस्तीवर हल्ला करून कत्तल करतो व तीन मुलांना पळवून नेतो. डंडी त्याच्या पाठलागासाठी तुकडी उभारतो. तिच्यात उत्तरेचे कृष्णवर्णीय सैनिक आहेत, भाडोत्री माणसे आहेत, आणि त्याच्याच तुरुंगातील दक्षिणेचे कैदीही आहेत. कैद्यांचा प्रमुख टायरीन (रिचर्ड हॅरिस) हा डंडीचा एके काळचा मित्र आणि आताचा वैरी. अपाची हाती लागेपर्यंतच आपण आज्ञा पाळू, असा त्याचा करार. एकमेकांचा द्वेष करणारी ही माणसे एका झेंड्याखाली मेक्सिकोत शिरतात आणि तेथे त्यांची गाठ फ्रेंच फौजेशीही पडते. एका तुकडीत सारा दुभंगलेला देश उभा करण्याची ही कल्पना खरोखरच थोर होती, यात शंका नाही.

परंतु चित्रपट घडला कसा? १९६४ साली मेक्सिकोत चित्रीकरण सुरू झाले तेव्हा पटकथा पूर्ण झालेली नव्हती. खर्च वाढत गेला, दिग्दर्शक व निर्माता यांचे बिनसले. पेकिनपाला काढून टाकण्याची वेळ आली तेव्हा हेस्टनने स्वतःच्या मानधनावर पाणी सोडून त्याला वाचवले. चित्रीकरणानंतर मात्र संकलन दिग्दर्शकाच्या हातात राहिले नाही. कोलंबिया कंपनीने चित्रपट छाटून दोन तासांहून थोडा मोठा केला व प्रदर्शित केला. पुढे पेकिनपाने १९६९ मध्ये ‘द वाइल्ड बंच’ काढला आणि त्याची कीर्ती वाढली. तशी ‘मेजर डंडी’च्या हरवलेल्या भागाविषयीची उत्सुकताही वाढत गेली. १९८४ साली पेकिनपा वारला. २००५ साली सुमारे बारा मिनिटे परत जोडून १३६ मिनिटांची आवृत्ती पडद्यावर आली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ही दिग्दर्शकाच्या मनातली आवृत्ती नव्हे. कंपनीने शेवटची काटछाट करण्यापूर्वी जी होती, ती ही आवृत्ती. पेकिनपाला हवा असलेला चित्रपट याहूनही मोठा होता.

आता मुख्य प्रश्न: या बारा मिनिटांनी काय साधले?

एक गोष्ट निश्चित साधली. तुकडीबरोबर रियागो नावाचा एक अपाची वाटाड्या असतो. तो चारिबाला फितूर आहे, असा डंडीला सतत संशय. छोट्या आवृत्तीत हा रियागो मध्येच नाहीसा होतो. कोठे गेला, त्याचे काय झाले, काही कळत नाही. प्रेक्षक साहजिकच समजतो, गेला असेल शत्रूला मिळून. परत जोडलेल्या दृश्यात मात्र त्याचा हालहाल करून मारलेला देह झाडावर सापडतो. तो शेवटपर्यंत इमानी होता. चूक डंडीची होती. या संपूर्ण चित्रपटात अपाचींना जवळजवळ बोलूच दिलेले नाही. ज्याला थोडाफार चेहरा आहे असा अपाची म्हणजे हा रियागो. त्याचा शेवट कापणे म्हणजे केवळ एक दृश्य कापणे नव्हे, एका निरपराध माणसावर फितुरीचा डाग तसाच राहू देणे होय. हे दृश्य परत आले, तेवढ्यासाठी तरी ही सारी खटपट सार्थकी लागली असे मला वाटते.

पण मी ज्याची वाट पाहत होतो ते घडले नाही. चित्रपटाचा खरा दुखणारा भाग जेथल्या तेथेच राहिला. पळवलेली मुले बऱ्याच लवकर परत मिळतात आणि मोहिमेचे उघड कारणच संपते. मग डंडी पुढे का जातो? अहंकारासाठी, की सूडासाठी, की गमावलेल्या अधिकारासाठी? येथेच चित्रपटाने त्याच्या अंतरंगात उतरायला हवे होते. त्याऐवजी एक प्रेमप्रकरण येते, डंडीच्या पायात बाण घुसतो, दुरँगो गावात तो दारूत बुडतो आणि टायरीनला त्याला शोधून आणावे लागते. कथानक जागच्या जागी फिरत राहते. ज्याच्यासाठी एवढा पाठलाग, त्या चारिबाला तरुण बिगुलवाला गोळी घालतो आणि तो विषय क्षणात संपतो. शेवटची लढाई होते ती फ्रेंचांशी! मोठ्या आवृत्तीतही हे सारे असेच आहे. कारण ही दृश्ये कात्रीने नेली नव्हती. ती कधी लिहिलीच गेली नव्हती.

हे ध्यानात आले तेव्हा मला आमच्या घरातले एक पुस्तक आठवले. माझ्या लहानपणी घरात गोष्टीचे एकच पुस्तक होते आणि त्याची शेवटची पाने उंदरांनी कुरतडलेली होती. त्या पानांत काय असेल, याचे किती मनोरे मी रचले असतील! महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात तेच पुस्तक सबंध मिळाले. उरलेली पाने मी कपाटापाशी उभ्यानेच वाचून काढली. शेवट अगदी सामान्य होता. इतकी वर्षे जो दोष मी उंदरांच्या माथी मारला होता, तो लेखकाचा होता. नाहीशा झालेल्या वस्तूला आपण आपल्या मनातले सारे गुण देऊन टाकतो, त्यातलाच हा प्रकार.

मग परत जोडलेले तुकडे कोणत्याच चित्रपटाला तारत नाहीत का? तसेही नाही. पेकिनपाचाच ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’ पाहा. १९७३ साली तो १०६ मिनिटांचा करून प्रदर्शित झाला. १९८८ साली १२२ मिनिटांची जुनी आवृत्ती बाहेर आली. तिच्यात आरंभी म्हातारा गॅरेट मारला जातो आणि मग मागची कथा सुरू होते. त्यामुळे बिलीला मारणारा गॅरेट त्याच वेळी स्वतःचेही मरण ओढवून घेत आहे, हे प्रथमपासून उमगते. साऱ्या चित्रपटाचा अर्थच बदलतो. येथे कणा होता. तो काढून घेतला होता, म्हणून परत बसवता आला. आपल्याकडच्या ‘शोले’चेही असेच. १९७५ साली सेन्सॉरमुळे बदललेला मूळ शेवट २०२५ साली परत जोडता आला, कारण तो चित्रित झालेला होता.

‘मेजर डंडी’च्या बाबतीत आणखी एक पेच आहे. २००५ च्या आवृत्तीत जुने, जागोजागी विसंगत वाटणारे संगीत काढून क्रिस्टोफर कॅलिएन्डो या संगीतकाराने नव्याने रचलेले संगीत घातले. ते अधिक गंभीर आहे, कानाला पटते. परंतु जे १९६५ मध्ये नव्हतेच ते घालणे, याला पुनर्स्थापना म्हणावे की दुरुस्ती? मला ते संगीत आवडले, तरी ही दुरुस्तीच होय असे माझे मत आहे. आणि दुरुस्ती एकदा मान्य केली, तर ती कोठे थांबवायची?

सारांश, हरवलेला भाग परत मिळाल्याने सदोष चित्रपट निर्दोष होत नाही. पण त्याचा न्याय नीट करता येतो. कंपनीचा दोष कोणता आणि दिग्दर्शकाचा कोणता, हे वेगळे करून सांगता येते. रियागोचा दोष कंपनीच्या पदरात, भरकटलेल्या उत्तरार्धाचा पेकिनपाच्या. आणि न पाहिलेल्या दृश्यांची वकिली केल्याचा दोष माझ्या. मंडळातील मित्रांनी तो पोटात घालावा, ही विनंती.