एमबीएच्या आधी जरा वाळूजला जाऊन या

बीकॉम झालं की लगेच एमबीए करावं का, असं देवगिरी आणि एस.बी. कॉलेजची मुलं-मुली मला अधूनमधून विचारतात. करा, पण मुलाखतीला रिकाम्या हातानं बसू नका.

मी शेवटच्या वर्षातच कॅट आणि राज्याची सीईटी दिली. कॅटमध्ये चुकलेल्या बहुपर्यायी प्रश्नाला एक गुण कापला जातो, सीईटीत कापत नाहीत, कुठला प्रश्न सोडायचा, हे सगळं क्लासमध्ये पाठ झालेलं. गुणही बरे पडले. मुलाखतीत एका सरांनी अर्जावरचा पत्ता वाचला आणि विचारलं, "वाळूजचा लघुउद्योजक मोठ्या कंपनीला माल देतो. पैसे किती दिवसांत मिळायला हवेत?" मी खेळतं भांडवल, रोखता असे शब्द टाकत राहिलो. ते म्हणाले, "ही व्याख्या झाली. दिवस सांगा."

2006च्या एमएसएमईडी कायद्यानं ही मुदत जास्तीत जास्त 45 दिवसांची आहे. माझ्या काकांचं वाळूजला प्रेस शॉप. पुण्याच्या पार्टीकडे पेमेंट अडकलंय, रिजेक्शनची डेबिट नोट आलीय, हे आमच्या घरात रोज जेवताना चालायचं. तिकडे कान देण्याचं कारण मला कधी पडलं नव्हतं. त्या संस्थेत प्रवेश मिळाला नाही. दुसरीकडे मिळाला, तेव्हा वर्गातली दोन-तीन वर्षं नोकरी केलेली मुलं प्रत्येक केसमध्ये 'आमच्याकडे असं व्हायचं' म्हणून बोलायला लागायची. प्लेसमेंटलाही चांगल्या जागांसाठी आधी त्यांनाच बोलावणं यायचं.

म्हणून सांगतो. अनेक आयआयएम निवडीत दहावी-बारावीच्या गुणांबरोबर अनुभवालाही वजन देतात. दहावीचे गुण आता बदलणार नाहीत, अनुभव मिळवता येतो. वर्ष-दोन वर्षं नोकरी जमली तर उत्तम. ते शक्य नसेल, तर दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीपासून चिकलठाणा, शेंद्रा, वाळूजच्या एखाद्या कारखान्यात, नाहीतर जाधववाडीच्या मोंढ्यातल्या एखाद्या गाळ्यावर बसा. बिलं लिहा, उधारीच्या वसुलीला जा, जीएसटीचं रिटर्न कसं भरतात ते बघा. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला, त्यानंतर सुट्या भागांचे किती कारखाने कसे उभे राहिले, हे तिथल्या जुन्या माणसांना विचारा.

कर्ज काढणार असाल तर बँकेत नीट विचारून घ्या. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, व्याज मात्र पैसे उचलल्यापासून चढतं. कॉलेजनं 'सरासरी पॅकेज' सांगितलं की मधल्या विद्यार्थ्याला किती मिळालं ते विचारा. दोन-चार मोठे आकडे सरासरी फुगवतात. नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी ही कागदपत्रं लागणार असतील तर निकालाची वाट न बघता आधीच अर्ज टाका. प्रवेशाच्या कॅप फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत.

एवढं करूनही लगेचच जावंसं वाटलं, तर बिनधास्त जा. मुलाखतीत सांगायला तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.