पैसा बुडाला तर सोनं तारेल का?

"बँका बुडणार, रुपयाचा नुसता कागद होणार, आत्ताच सोनं-चांदी घेऊन ठेवा." असे मेसेज आता पालकांच्या ग्रुपवरसुद्धा येतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये सोन्याने १० ग्रॅमला एक लाखाचा टप्पा गाठला, तेव्हापासून तर जास्तच. ठेव मोडून सोनं घ्यावं का, असं पालक विचारतात आणि शिक्षकबांधवही विचारतात. आमच्यातल्या २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे हा प्रश्न गमतीचा राहिलेला नाही. या प्रश्नात थोडं गणित आहे, थोडा इतिहास आहे आणि थोडं नागरिकशास्त्र. आपण आपल्या भागापासूनच सुरुवात करू.

"जालना, सोने का पालना" ही म्हण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ती जालन्याच्या बाजारपेठेच्या भरभराटीवरून पडली. पण याच जालना-बदनापूरच्या लोकांनी आपलं चलन डोळ्यांदेखत बदललेलं पाहिलं आहे, हे मुलांना माहीत नसतं. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. संस्थानाचं नाणं वेगळं, नोटा वेगळ्या. त्याला हाली सिक्का म्हणत. इंग्रजांचा रुपया तो कलदार. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळत. संस्थान भारतात आलं, १९५० पासून भारतीय रुपया इथे चालू लागला आणि पुढच्या काही वर्षांत हाली व्यवहारातून गेला. म्हणजे ज्या राज्याच्या नावावर नोट चालत होती ते राज्यच उरलं नाही. तरी लोक देशोधडीला लागले नाहीत, कारण ठरलेल्या दराने बदलून देणारं नवं सरकार समोर होतं. राज्य बदललं की पैसा शून्य होतोच असं नाही. जुन्या पैशाची जबाबदारी कुणी घेतं का, हे तिथे महत्त्वाचं ठरतं.

आता नाण्यातल्या चांदीकडे बघू. अनेक घरांत लक्ष्मीपूजनाला कलदार रुपये मांडतात. जुना कलदार बरोबर एक तोळा वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. म्हणूनच आजी अजूनही "रुपयाभार" असं माप सांगते. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा, मागच्या बाजूला वाघ असलेला. त्यात चांदी अजिबात नाही. नाव तिन्हींचं रुपयाच, आणि बाजारात तिन्हींना सारखंच सामान येत होतं. आज चांदी १०० रुपये ग्रॅम धरली, तर पहिल्यात सुमारे १,०६९ रुपयांची चांदी आहे, दुसऱ्यात ५८३ रुपयांची, तिसऱ्यात शून्य. (चांदीचा भाव त्या दिवशीचा घ्या, मी हिशोबाला सोपा घेतला आहे.) सरकारने पैशातली किंमत हळूहळू कमी केली तरी धातू आपली किंमत धरून राहतो, हे मेसेजवाल्यांचं म्हणणं या तीन नाण्यांपुरतं खरं आहे.

मोठी उदाहरणंही त्यांच्याच बाजूची आहेत. जर्मनीत नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. झिम्बाब्वेने २००९ मध्ये १०० लाख कोटी डॉलरची एक नोट छापली. अशा वेळी ज्याच्याकडे नोटा होत्या तो बुडाला आणि ज्याच्याकडे सोनं किंवा परक्या देशाचं चलन होतं तो तगला. यात वाद नाही.

पण मेसेजमध्ये जे येत नाही ते आता बघू. संकटाच्या वेळी सरकारची नजरही सोन्यावरच जाते. अमेरिकेत १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांना सोन्याची नाणी आणि लगडी जमा करायला लावल्या. भाव दिला एका औंसाला २०.६७ डॉलर, आणि पुढच्याच वर्षी सरकारी भाव ३५ डॉलर केला. आपल्याकडे चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने करायला बंदी झाली आणि कितीतरी सोनारांचा धंदा बसला. १९६८ च्या कायद्याने बिस्किट-लगडीच्या रूपातलं सोनं सामान्य माणसाला ठेवता येईना. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. म्हणजे आज जे "बिस्किट घ्या, दागिना नको" असं सांगतात, त्यांच्या आजोबांच्या काळात बिस्किट बाळगणं हाच गुन्हा होता. अंगावरचं मंगळसूत्र मात्र कायदेशीर होतं.

१९९१ चं उदाहरण मला वर्गात सांगायला सगळ्यात आवडतं, कारण ते मुलांना लगेच कळतं. देशाकडे परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतंच उरलं होतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं परदेशात तारण ठेवून ४० कोटी डॉलर उभे केले आणि काही महिन्यांत ते सोडवून घेतलं. पेरणीच्या तोंडावर आपल्याकडे पाटल्या गहाण पडतात आणि कापूस आला की सुटतात, तोच प्रकार. रिझर्व्ह बँकेकडे मार्च २०२५ मध्ये सुमारे ८८० टन सोनं होतं. देश स्वतःसाठी सोनं ठेवतो, हे खरंच आहे. पण देश आपला सगळाच पैसा सोन्यात ठेवत नाही, हेही मुलांना दाखवावं.

आता आपल्या मराठवाड्याकडे परत येऊ, कारण आपल्याकडे संकट जर्मनीसारखं येत नाही. आपल्याकडे संकट म्हणजे दुष्काळ, दवाखाना, नाहीतर गावातली पतसंस्था बंद पडणं.

७२ च्या दुष्काळात काय विकलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला मुलांना सांगा. उत्तरात बैल आणि गाई येतातच. चारा नव्हता, सगळेच एकदम जनावरं बाजारात घेऊन गेले आणि जनावरांचा भाव मातीमोल झाला. हे कोणत्याही दुष्काळात होतं. सोन्याचं तसं झालं नाही, कारण त्याचा भाव बदनापूरच्या बाजारात ठरत नाही. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं आणि जगभर सोनं चढू लागलं. औंसाला ३५ डॉलरचं सोनं १९७४ अखेर १८० डॉलरच्या वर गेलं होतं. त्यामुळे त्या दुष्काळात ज्या घरात गुंजभर सोनं होतं त्या घराला त्याचा चांगला आधार झाला. (गुंजभर म्हणजे खरंच थोडं: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम!) ज्यांच्याकडे तेवढंही नव्हतं ते दुष्काळी कामावर खडी फोडून जगले आणि त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

त्याच न्यायाने २०१२ ते २०१५ बघा. २०१२ अखेर सोनं १० ग्रॅमला ३१-३२ हजारांच्या आसपास होतं. सगळे म्हणत होते की सोनं कधी पडत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. पुढे २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षं कोरडी गेली. आणि याच काळात जगात सोनं उतरलं. २०१५ अखेर भाव २५ हजारांच्या आसपास आला. चांदीचं तर आणखी वाईट झालं. एप्रिल २०११ मध्ये किलोला ७० हजारांच्या वर गेलेली चांदी २०१५ अखेर ३५ हजारांच्या खाली होती. म्हणजे वरच्या भावात घेतलेलं सोनं आणि चांदी नेमकी तिसऱ्या दुष्काळात, भाव पडलेला असताना, मोडावी लागली. सोन्याचा भाव आपल्या हातात नसतो हे ७२ ला फायद्याचं ठरलं आणि २०१५ ला तोट्याचं. पाऊस परतूरला पडला की नाही हे लंडनच्या बाजाराला माहीत नसतं.

ज्याला मोडायची गरज पडली नाही, त्याचा २०१२ चा भाव २०१९ मध्ये परत आला. तेवढ्या वर्षांत ८ टक्क्यांची बँकेतली ठेव दीडपटीच्या वर गेली असती. नंतर मात्र सोनं ठेवीच्या कितीतरी पुढे गेलं. म्हणून मी सोन्याला वाईट म्हणत नाही. रुपया हळूहळू झिजतो, त्याविरुद्ध सोनं चांगलं आहे, पण दहा-पंधरा वर्षं हात न लावता ठेवता आलं तरच. ज्या पैशाची येत्या दोन-तीन वर्षांत गरज आहे, तो पैसा, मुलीची फी असो की बियाणं, सोन्यात घालणं मला पटत नाही. आणि बँकेतली ठेव मोडून घालणं तर नाहीच.

आता दागिन्याचं गणित. सोपं जावं म्हणून २२ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १,००,००० धरू. मजुरी १२ टक्के, म्हणजे १२,०००. एकूण १,१२,००० वर ३ टक्के जीएसटी, ३,३६०. आपण मोजले १,१५,३६०. दुसऱ्या दिवशी मोडायला नेलं आणि सोनाराने ३ टक्के घट धरली, तर हातात ९७,०००. एका रात्रीत १८,३६० रुपये गेले. हे पैसे भरून निघायला भाव १,१८,९२८ व्हायला हवा, म्हणजे जवळजवळ १९ टक्के वाढ. दागिना घालायला घ्यावा, त्यात आनंद आहेच. पण "गुंतवणूक म्हणून हार केला" असं कुणी म्हटलं की मला हा आकडा आठवतो. नाणं किंवा वळं घेतलं तर मजुरी खूप कमी लागते.

बँक बुडण्याच्या भीतीबद्दल. ती अगदीच खोटी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. पण त्यानंतर, फेब्रुवारी २०२० पासून, बँकेतल्या ठेवीचा विमा एक लाखावरून पाच लाखांवर गेला. एका माणसाला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंत हे संरक्षण मिळतं. सहकारी बँकांनाही ते आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्यांना नाही. आपल्या मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत लोकांचे पैसे अडकले ते मुख्यतः अशा ठिकाणी, आणि तिथे लोक गेले ते दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी. तेव्हा भीती वाटतच असेल तर आधी आपली ठेव कुठल्या प्रकारच्या संस्थेत आहे हे पासबुकावर वाचावं. त्यासाठी सोनारापर्यंत जायची गरज नाही.

सोनं घ्यायचंच तर बिलावर वजन, कॅरेट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. दागिन्यावर हॉलमार्कची खूण, २२ कॅरेटला ९१६ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून नव्या हॉलमार्क दागिन्याला तो लागतोच. बीआयएस केअर या ॲपवर तो क्रमांक टाकला की दागिना कितीचा आहे ते दिसतं. गहाण ठेवायची वेळ आली तर बँक वजनाच्या नाही, किमतीच्या प्रमाणात कर्ज देते. बरीच वर्षं ही मर्यादा ७५ टक्के होती, २०२५ च्या नियमांत लहान कर्जांना ती वाढवली आहे. सावकाराकडे जायचंच असेल तर परवाना बघावा आणि पावती घ्यावी. २०१४ च्या राज्याच्या कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे आणि तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. आणखी एक गोष्ट, घरात फारशी बोलली जात नाही म्हणून लिहितो: बाईचं स्त्रीधन हे कायद्याने तिचं एकटीचं आहे. संकटात पहिल्यांदा तिचंच सोनं मोडलं जातं, तेव्हा निदान तिला विचारून मोडावं आणि पावती तिच्या नावाची असावी.

वर्गात हा पाठ घ्यायचा तर एखादं जुनं सोन्याचं बिल, नाव-पत्ता झाकून, फळ्यावर उतरवा. सातवीच्या मुलांना शेकडेवारी येते. त्यांना मजुरी, कर आणि किती भाव वाढला की पैसे सुटतील हे काढायला लावा. पाचवीला गुंज, मासा, तोळा आणि ग्रॅम यांचं रूपांतर पुरे. आणि कुणाच्या घरी तीन प्रकारचे कलदार असतील तर ते तागडीत तोलू द्या.