गोल्डफिशवरचा पांढरा ठिपका: थंडीत उपचार कसे करावेत

दिवाळीनंतर रात्री गार होऊ लागल्या की शोभिवंत माशांच्या टाक्यांत व्हाइट स्पॉट डोके वर काढतो. नाशिक-पुण्याकडच्या उघड्या सिमेंट टाक्यांत दुपारच्या आणि पहाटेच्या पाण्यात बराच फरक पडतो. त्या ताणाने माशांची प्रतिकारशक्ती खालावते आणि इक्थिओफ्थिरिअस हा एकपेशीय परजीवी झपाट्याने पसरतो.

मासे तळाला अंग घासतात, पर मिटून घेतात, हवेच्या दगडापाशी गोळा होतात. मग अंगावर रव्याच्या कणांसारखे ठिपके दिसतात. प्रादुर्भाव फक्त कल्ल्यांत असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही, मासे नुसती धाप टाकतात. मात्र याच हंगामात प्रजननाला आलेल्या गोल्डफिश नराच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या काडीवर पांढरे दाणे येतात. तो रोग नव्हे. ठिपके एवढ्याच जागी ओळीने असतील आणि मासा खाऊन-पिऊन चपळ असेल, तर औषधाला हात लावू नका.

उपचार फसतात ते बहुतेक वेळा औषध हलके म्हणून नव्हे, तर वेळ चुकते म्हणून. दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी. तिथे पाण्यातले औषध पोहोचत नाही. तो पिकला की गळून तळाशी चिकटतो, तिथे त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्ले पाण्यात सुटतात आणि नवा मासा शोधतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या पिल्लांवर. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते, १५ अंशांवर दोन आठवडे किंवा अधिक लागतात. म्हणून उबदार पाण्यात दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणि गार पाण्यात दर चार-पाच दिवसांनी मात्रा द्यावी. ठिपके गेले म्हणून लगेच थांबू नये. प्रत्येक मात्रेआधी तळाचा गाळ सायफनने ओढून पाव हिस्सा पाणी बदला. तळाशी चिकटलेले परजीवीही त्याबरोबर जातात. नवे पाणी टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचे हवे. बोअरवेलचे पाणी आधी साठवून त्यात रात्रभर हवा सोडा.

मात्रा अंदाजाने कधीच ठरवू नका. पाण्याची लांबी, रुंदी आणि खोली मीटरमध्ये मोजून गुणाकार करा, त्याला हजाराने गुणा, झाले लिटर. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद टाकीत अर्धा मीटर पाणी असेल तर ते ३,००० लिटर भरते.

लवकर लक्षात आले तर पहिला उपाय खडेमीठ, लिटरला २ ते ३ ग्रॅम. वरच्या टाकीला ६ ते ९ किलो लागेल. ते विरघळवून, तीन हप्त्यांत, दीड दिवसात सोडा. गोल्डफिश, कोई, मोली, गप्पी हे सहज सोसतात. लोच, टेट्रा आणि बिनखवल्याचे मासे असतील तर निम्म्या मात्रेने सुरुवात करा. पाणवनस्पती आधी बाहेर काढा. बदललेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घाला.

मिठाने आवरले नाही तर फॉर्मेलिन, १,००० लिटरला १५ ते २५ मिली. इथे फार सांभाळावे लागते. २५ मिलीची मात्रा पाण्यातला ऑक्सिजन लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅमने घटवते, आणि २५ अंशांच्या पाण्यात तो मुळात जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच असतो. म्हणून औषध सकाळी द्या, ब्लोअर अखंड चालू ठेवा. वीज जाण्याची शक्यता असेल तर त्या दिवशी देऊच नका. बाटलीच्या तळाला पांढरा साका बसला असेल तर ते औषध माशांना विषारी असते. आधी चार-पाच माशांवर काही तास चाचणी घ्या. हातमोजे आणि मास्क वापरा, फॉर्मेलिन आणि पोटॅशियम परमँगनेट कधीही एकत्र करू नका. त्यातून घातक वायू निघतो. उपचार चालू असेतो फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा आणि खाद्य निम्मे करा, कारण औषधाने फिल्टरमधले उपयुक्त जिवाणूही मरतात आणि अमोनिया वाढतो.

अंगावर दोऱ्यासारखे लोंबणारे नांगरकृमी किंवा चपट्या उवा दिसल्या तर गोष्ट वेगळी. त्यांना मीठ पुरत नाही. मत्स्यतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच औषध निवडा, पिकांवरची कीटकनाशके टाकीत ओतू नका. उवा कडक पृष्ठभागावर अंडी घालतात, त्यामुळे टाकी रिकामी करून, भिंती घासून कडक उन्हात वाळवणे फार मोलाचे ठरते.

नवे मासे तीन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, त्या टाकीची जाळी आणि बादली स्वतंत्र असू द्या. मॅलॅकाइट ग्रीन असलेली तयार औषधे खाण्याच्या माशांच्या आसपास आणू नका, त्यांच्यासाठी ते निषिद्ध आहे. औषधाचे पाणी विहीर, ओढा किंवा शेततळ्याकडे वळू देऊ नका. मिठाचे पाणी पिकाला सोडू नका, जमीन खारावते.