ध्वनिमुद्रित गायकवृंद : गुरू की बदली गायक?



आगमनकाळ लागला की नाताळच्या मिस्सेत गाणी कोण म्हणणार, हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्यासारख्या लहान धर्मग्रामापुढे उभा राहतो. मुंबई-वसईएवढी आपली संख्या नाही. तरुण मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेरगावी असतात. मग कोणीतरी सुचवते, "मोबाइलवर मोठमोठ्या गायकवृंदांची सुंदर गाणी आहेत. स्पीकरला जोडा, काम झाले!" सूचना चांगल्या मनाने केलेली असते. तरीही ती स्वीकारण्यापूर्वी ख्रिस्तसभेची याविषयीची शिकवण समजून घेऊ या.

लहान गायकवृंदाची ताकद

आपण जी गाणी ऐकतो त्यांतील पुष्कळशी 'चेंबर क्वायर' म्हणजे लहान गायकवृंदाने गायलेली असतात. अशा वृंदात साधारण सोळा ते चाळीस गायक असतात. स्त्रियांचे उंच व खालचे आणि पुरुषांचे उंच व खालचे असे चार आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गातात. वाद्यांची साथ पुष्कळदा नसतेच. गायक थोडे असल्याने प्रत्येकाला शेजाऱ्याचा आवाज ऐकूनच गावे लागते. एकजण पुढे पळाला तरी सगळ्यांना कळते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ साली मुंबईत एक गायकवृंद स्थापन केला. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर कूमी वाडिया यांनी त्याची धुरा घेतली. त्या स्वतः पारशी; पण युरोपातील पवित्र संगीत त्यांनी या वृंदाकडून देशात व परदेशात गाऊन घेतले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

ध्वनिमुद्रणाचे उपकार

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी रोममध्ये सिस्टाइन चॅपलच्या गायकांचे आवाज तबकडीवर घेतले. त्याच वर्षी त्याच कंपनीने कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. १९३० साली फ्रान्समधील सोलेम मठाच्या संन्याशांचे ग्रेगोरियन गायन मुद्रित झाले आणि ते संगीत कसे गावे हे दूरदूरच्या धर्मग्रामांना कानांनी कळले.

नाताळच्या संगीताचेही तसेच. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात १९१८ पासून नाताळच्या आदल्या दिवशी नऊ वाचने व नाताळगीते यांची उपासना होते. हा वृंद अँग्लिकन पंथाचा. त्यात सोळा मुलगे व चौदा तरुण विद्यार्थी गातात. १९२८ पासून ही उपासना बीबीसी रेडिओवरून ऐकू येऊ लागली आणि पुढे तिच्या तबकड्या निघाल्या. आज ते गायन खेड्यातल्या घरातही ऐकता येते.

ख्रिस्तसभा काय सांगते?

एवढे उपकार असूनही ख्रिस्तसभेने एक मर्यादा आखून दिली. ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोमहून पवित्र संगीताविषयी एक सूचनापत्र निघाले. उपासनाविधीत तबकडी किंवा टेप यांसारख्या यंत्रांचा वापर करू नये, गायकवृंदाच्या वा भाविकांच्या गाण्याऐवजी तर मुळीच नाही, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. मात्र भाविकांना पवित्र गीते शिकवण्यासाठी हीच यंत्रे वापरण्याची मुभा दिली. पुढे १९७३ साली मुलांच्या मिस्सेपुरती, त्या त्या देशातील बिशपांच्या नियमांनुसार, थोडी सवलत देण्यात आली.

यामागचे कारण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात दिसते. सर्व भाविकांनी उपासनेत सक्रिय भाग घ्यावा, प्रतिसाद द्यावेत, स्तोत्रे व गीते गावीत, असे परिषद म्हणते. मिस्सा हे आपले अर्पण आहे. यंत्र कितीही गोड गायले तरी ते श्रद्धा ठेवत नाही, प्रार्थना करत नाही. आपल्या वतीने ते स्तुती कशी करणार?

पण गाणारेच नसतील तर? त्याचेही उत्तर १९६७ सालच्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्रात मिळते. लहानसा गायकवृंदही उभा करणे शक्य नसेल तेथे निदान एक-दोन गायक तयार करावेत. त्यांनी सोपी गीते सुरू करावीत व लोकांना बरोबर न्यावे. एक किंवा दोन! एवढी माणसे आपल्या धर्मग्रामात नक्कीच आहेत.

ऐकावे कसे?

१. आठवड्याला एकच गीत निवडा. पहिल्यांदा नुसते ऐका.

२. दुसऱ्यांदा गायक श्वास कुठे घेतात ते पाहा. शब्द मध्येच तुटत नाही, हे ध्यानात येईल.

३. तिसऱ्यांदा सर्वांत खालच्या आवाजाकडे लक्ष द्या. तो उठून दिसत नाही, पण सगळ्यांना आधार देतो.

४. मग यंत्र बंद करा आणि मराठी गीत आपल्या गळ्याला झेपेल अशा पट्टीत म्हणा. दगडी चॅपलमधला घुमारा आपल्याकडे येणार नाही. त्याची नक्कलही नको.

घरी गोठा सजवताना किंवा आजाऱ्याच्या खाटेपाशी ही गाणी जरूर लावा. तेथे ती मोठा दिलासा देतात.

'सायलेंट नाइट' या गीताची ध्वनिमुद्रणे आज असंख्य आहेत. पण १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये ते प्रथम गायले गेले तेव्हा होते फक्त दोन आवाज आणि एक गिटार. फादर योझेफ मोर यांचे शब्द, शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबर यांची चाल, आणि कडव्याच्या शेवटी साथ द्यायला गावातला गायकवृंद. तेही आपल्यासारखेच लहान धर्मग्राम होते.

कुटुंबात चर्चेसाठी

• मिस्सेत मी गातो, की फक्त ऐकतो?

• आपल्या घरातील कोणाला गायनासाठी पुढे करता येईल?

• या आगमनकाळात आपण कोणते एक नवे गीत शिकणार?