नव्या शेततळ्यातील स्फुरदाचे प्रमाण

नीरा डाव्या कालव्याच्या टापूतील शेतकऱ्यास सुपर फॉस्फेट ही वस्तू नवी नाही. उसाच्या लागणीपूर्वी सरीत ते टाकण्याची रीत पिंपळी व बारामती-इंदापूर भागात रुळलेली आहे. परंतु उसाची मात्रा माशांच्या तळ्यास लावली, तर एका रात्रीत सगळे पीक हातचे जाण्याचा संभव असतो. २०१६ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर तळ्यांची संख्या वाढली व पुष्कळांनी त्यांत कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडण्यास प्रारंभ केला. म्हणून या विषयाची नीट समज ग्रामसेवकांनी करून घेणे अगत्याचे आहे.

तळ्यातील मासे खत खात नाहीत. पाण्यात स्फुरद व नत्र असले म्हणजे डोळ्यांस न दिसणारी हिरवी वनस्पती वाढते, तिच्यावर सूक्ष्म जीव जगतात आणि या दोहोंवर मासे पोसतात. नव्या तळ्यात बहुधा स्फुरदाचीच उणीव असते. त्यातून येथील काळी माती चुनखडीयुक्त. पाण्यात विरघळलेले स्फुरद चुन्याशी संयोग पावून न विरघळणाऱ्या रूपाने तळाशी बसते. याच कारणास्तव सुपर फॉस्फेट एकदम न टाकता, बादलीत रात्रभर भिजवून त्याचे पाणी थोडेथोडे शिंपडावे. चुना व सुपर फॉस्फेट एकाच वेळी कधीही टाकू नयेत. अल्कधर्मी पाण्यास चुन्याची गरजही सहसा नसते.

मातीच्या तळ्यास हेक्टरी वर्षाला सुमारे ३०० किलो सुपर फॉस्फेट पुरते. ३० मीटर लांब व तितक्याच रुंद तळ्याचे क्षेत्र ९ गुंठे भरते. त्यास वर्षाला २७ किलो, म्हणजे महिन्यास सव्वादोन किलो झाले. डायअमोनियम फॉस्फेट वापरण्याचा मोह टाळावा. अल्कधर्मी पाण्यात त्यातील अमोनिया माशांस घातक ठरतो.

आता प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याची गोष्ट निराळी आहे, आणि बहुतेक नुकसान येथेच होते. कागदामुळे पाण्याचा मातीशी संबंध तुटतो. टाकलेले स्फुरद शोषून घेणारे कोणी नसते व झिरपाही नसतो. शिवाय भाताचा कोंडा आणि पेंड यांतूनही स्फुरद रोज तळ्यात पडतच असते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. अशा तळ्यास आरंभी वरील मात्रेचा पाव भाग, म्हणजे महिन्यास अर्धा किलो, देऊन थांबावे. पुढची मात्रा पाण्याकडे पाहूनच ठरवावी.

पाणी पाहण्यास महागडे उपकरण लागत नाही. वीतभर व्यासाची पत्र्याची चकती काळ्या-पांढऱ्या रंगाने चार भागांत रंगवून खुणा केलेल्या दोरीने पाण्यात सोडावी. २५ ते ४० सेंटिमीटरवर ती दिसेनाशी झाली, तर पाणी ठीक आहे. त्याहून खोलवर दिसत असेल, तर खताची उणीव समजावी. २० सेंटिमीटरच्या आतच लोपली, तर खत व खाद्य दोन्ही तत्काळ बंद करावीत. तपासणी दुपारच्या उन्हात करावी. पाणी गढूळ असेल तर मात्र चकती फसवते.

हिरवेपणा बेसुमार वाढला म्हणजे दिवसा पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, पण रात्री तीच वनस्पती तो वापरून टाकते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. ढगाळ दिवसांनंतर किंवा शेवाळ एकाएकी मेल्यावर हा प्रसंग हमखास ओढवतो. अशा वेळी पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून पुन्हा तळ्यात पाडावे व शक्य तर ताजे पाणी सोडावे. औषध शोधीत सकाळची वाट पाहणाऱ्याच्या हाती मेलेले मासेच लागतात.

खत बंद केले तरी स्फुरद लगेच सरत नाही. तळाच्या कुजक्या गाळातून त्यातील काही भाग पुन्हा पाण्यात येत राहतो. समुद्राच्या पाण्याच्या शोभिवंत टाक्यांत प्रवाळ पाळणाऱ्यांनाही जुन्या दगडांतून पाझरणारे स्फुरद असेच छळते. मोठ्या प्रमाणावर तोच प्रकार पाहावयाचा असल्यास इंदापूर तालुक्यातील उजनीचे पाणलोटक्षेत्र पाहावे. पुण्याकडून भीमेत येणाऱ्या सांडपाण्याने ते पाणी हिरवे होते. म्हणून कागदाच्या तळ्यातील गाळ दर हंगामाअखेर, पाणी उतरल्यावर, काढून शेतात पसरावा. उसास तो उपयोगी पडतो.

तळे भरल्यानंतर पहिली मात्रा देऊन आठ-दहा दिवस थांबावे, चकती पाहावी आणि मगच बोटुकली आणावी.