आधी दप्तर, मग यंत्रणा
लॅपटॉपवरील ऑपरेटिंग सिस्टिमची स्थापना अर्ध्यावर थांबल्यास

बँकेच्या कारभारात एक जुना दंडक आहे. हिशोब जुळला नाही म्हणून कोणी वही फाडून टाकत नाही. रोजकीर्द आणि खतावणी शेजारी ठेवून चूक शोधली जाते. संगणकापुढे मात्र हा संयम अनेकदा सुटतो. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्र चालविणारी मूळ प्रणाली, नव्याने घालताना काम अडले की तीच कळ पुन्हा पुन्हा दाबली जाते. यंत्र तर सुरू होत नाहीच; त्यातील दप्तर मात्र कायमचे पुसले जाते.

झाशीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १७४२ साली नारो शंकर येथे सुभेदार झाले, आणि मराठेशाहीच्या काळापासून या नगराशी मराठी कुटुंबांचे नाते जुळले. २०१३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले. त्या पिढीतील यंत्रे आता दशकाहून जुनी झाली आहेत. विंडोज ७ चे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी संपले, तर विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा इतक्या जुन्या यंत्रांत नसते. सुरक्षेच्या सुधारणा न मिळणाऱ्या यंत्रावर नेटबँकिंग करणे धोक्याचे. म्हणून अशा लॅपटॉपवर लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालण्याचा विचार अनेक जण करतात.

आता असे एक घर कल्पावे. लॅपटॉपमध्ये आजोबांच्या निवृत्तिवेतनाचे कागद, घराच्या खरेदीखताची स्कॅन केलेली प्रत आणि लग्नकार्यांची छायाचित्रे आहेत. नातवाने नवी प्रणाली घालण्यास घेतली आणि निम्म्यावर पडदा काळा झाला. पुढे काय करावे?

पहिली पायरी : हात थांबवावा
पडद्यावरील संदेशाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. निदानाचा तो पहिला पुरावा. ‘फॉरमॅट’ किंवा ‘डिलीट’ या पर्यायांना हात लावू नये. डिस्क चुकून फॉरमॅट झालीच असेल, तर तिच्यावर नवीन काहीही लिहू देऊ नये. जुनी माहिती बऱ्याचदा लगेच नाहीशी होत नाही. नव्या माहितीने ती झाकली गेली की परत मिळणे कठीण होते. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये ही आशा आणखी कमी असते.

दुसरी पायरी : दप्तर बाहेर काढावे
दुसऱ्या संगणकावर उबुंटू किंवा लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह तयार करावा. तो तयार करताना त्यावरील पूर्वीचे सर्व काही पुसले जाते, म्हणून रिकामाच पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावरून लॅपटॉप सुरू केल्यास डिस्कवर काहीही न घालता प्रणाली वापरून पाहता येते. डिस्क दिसली की महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि त्या उघडतात की नाही, हे पाहावे. काही नव्या लॅपटॉपमध्ये माहिती बिटलॉकरने कुलूपबंद असते. तेथे ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असावी लागते.

तिसरी पायरी : कारण शोधावे
एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कशात होता हे कळत नाही.

वीज आणि उष्णता : झाशीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेला लॅपटॉप स्वसंरक्षणार्थ आपोआप बंद पडतो. जुनी बॅटरी तग धरत नसेल, तर वीज जाताच काम तुटते. म्हणून सकाळच्या गारव्यात, पंख्याची जाळी साफ करून आणि चार्जर लावूनच काम करावे.

सदोष फाइल : उतरवून घेतलेली फाइल अपुरी असू शकते. अधिकृत संकेतस्थळावर दिलेला एसएचए-२५६ हा अंकाक्षरांचा ठसा आपल्या फाइलीच्या ठशाशी ताडून पाहावा. एका अक्षराचा फरक असला तरी ती फाइल टाकून द्यावी. ठसा जुळला, तर दुसरा पेनड्राइव्ह किंवा दुसरे यूएसबी पोर्ट वापरून पाहावे.

डिस्कची अनुक्रमणिका : डिस्कवरील विभागांची नोंद जुन्या एमबीआर किंवा नव्या जीपीटी पद्धतीने ठेवलेली असते. यूईएफआय पद्धतीने सुरू झालेला विंडोजचा स्थापना-कार्यक्रम एमबीआर डिस्क नाकारतो. असा संदेश आल्यास घाईने डिस्क पुसू नये. बूट मेनूत त्याच पेनड्राइव्हचा ‘लेगसी’ पर्याय असल्यास तो निवडून पाहावा.

डिस्क न दिसणे : इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये विंडोजच्या स्थापनेवेळी डिस्कच दिसत नाही. तेथे डिस्क बिघडलेली नसते; उत्पादकाच्या संकेतस्थळावरील स्टोरेज ड्रायव्हर देताच ती दिसू लागते. जुन्या लॅपटॉपमध्ये मात्र डिस्कचा किंवा मेमरीचा दोष संभवतो. दोन्हींची चाचणी घ्यावी.

चौथी पायरी : मदत जपून घ्यावी
खरी जोखीम येथे आहे. गोंधळलेला माणूस इंटरनेटवर ‘मदत क्रमांक’ शोधतो आणि कधी कधी ठगाच्याच हाती सापडतो. पलीकडचा माणूस दूरनियंत्रणाचे ॲप घालावयास सांगतो, किरकोळ शुल्क मागतो आणि त्या निमित्ताने कार्डाचा तपशील व ओटीपी मिळवितो. मदत क्रमांक उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. प्रणाली दुरुस्त करण्यासाठी कोणालाही पिन, ओटीपी किंवा नेटबँकिंगचा पासवर्ड लागत नाही. दुकानात यंत्र देण्यापूर्वी ब्राउझरमध्ये पासवर्ड साठविलेले असल्यास ते दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून बदलावेत. फसवणूक झालीच, तर त्याच क्षणी बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला कळवावे.

नवी प्रणाली तासाभरात पुन्हा घालता येते. लॅपटॉपही नवा आणता येतो. परंतु आजोबांच्या कागदांची आणि जुन्या छायाचित्रांची दुसरी प्रत नसेल, तर ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून स्थापनेचा आरंभ पहिली कळ दाबल्यावर होतो असे न मानता, दुसरी प्रत हाती आल्यावर होतो असे मानणेच श्रेयस्कर.