तापलेल्या लॅपटॉपची चिकित्सा

वैशाख लागला की गोदाकाठचे नांदेड आणि बालाघाटच्या पठारावरील लातूर ही दोन्ही नगरे उन्हाने होरपळून निघतात. पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि माणसांप्रमाणे यंत्रांचेही हाल होतात. खेळांसाठी बनविलेला लॅपटॉप अशा वेळी लवकर तापतो, त्याचा पंखा घोंघावू लागतो, पडद्यावरील चित्रे अडखळतात आणि अखेर तो आपोआप बंद पडतो. 'यंत्र बिघडले, नवे आणा,' असा निकाल तत्काळ दिला जातो. शेतकऱ्याच्या घरी मात्र नव्या लॅपटॉपची किंमत ही पुष्कळदा हंगामाच्या मिळकतीतून काढावी लागते. म्हणून निकालापूर्वी चौकशी व्हावी हे बरे. ज्वर हे रोगाचे लक्षण असते. सुज्ञ वैद्य त्यामागील कारण आधी शोधतो.

लॅपटॉपच्या पोटात दोन प्रमुख चिप्स असतात. एक हिशेब करते, दुसरी चित्रे घडविते. त्यांत शिरलेली वीज अखेर जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेत रूपांतरित होते. मोठा खेळ चालू असता या दोन चिप्स मिळून १०० वॉट किंवा त्याहूनही अधिक वीज खातात. पूर्वीच्या १०० वॉटच्या पिवळ्या दिव्याला हात लावला तर चटका बसे. तेवढी उष्णता लहानशा पेटीत कोंडली, तर काय होईल?

ती कोंडू नये म्हणून चिपवर तांब्याची चपटी, पोकळ नळी बसविलेली असते. तिच्यात थोडेसे पाणी असते. चिपच्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती नळीच्या थंड टोकाकडे जाते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते आणि ते झिरपत मूळ जागी परतते. थंड टोकाशी धातूच्या पातळ पट्ट्या असतात. पंखा त्यांतून हवा ढकलून उष्णता बाहेर टाकतो. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत छताला झरोका ठेवीत. तो बुजला तर चुलीचा धूर घरातच कोंडे. लॅपटॉपच्या जाळीचेही तसेच आहे.

उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहते. खोलीतील हवा २५ अंशांऐवजी ४० अंश झाली, की त्याच कामासाठी चिपही सुमारे १५ अंशांनी अधिक तापते. साधारणतः १०० अंशांच्या आसपास ती आपला वेग आपण होऊन कमी करते. एवढ्यानेही भागले नाही, तर यंत्र स्वतःला बंद करून घेते. म्हणजे हे बंद पडणे आत्मरक्षणासाठी असते.

आता चिकित्सा. प्रथम लॅपटॉप गादीवरून उचलून टणक मेजावर ठेवावा, कारण गादीने खालची जाळी झाकली जाते. मग जाळीतून बाहेर येणाऱ्या हवेपाशी हात धरावा. झोत जोरदार व उष्ण असेल, तर उष्णता बाहेर पडत आहे. कामाचा भारच जास्त आहे. तेव्हा खेळातील चित्रांची प्रत थोडी उतरवावी आणि मागे विनाकारण चालू असलेले कार्यक्रम बंद करावेत. झोत क्षीण असेल, तर पट्ट्यांत धूळ साचली असावी अथवा पंखा थकला असावा. झोत चांगला पण कोमट असून चिप मात्र तापत असेल, तर चिप आणि नळी यांमधील लेप वाळला असण्याचा संभव असतो. शेवटच्या दोन प्रसंगी यंत्र उघडावे लागते. ते काम जाणत्या कारागिराचे आहे. एका वेळी एकच बदल करून पाहावा. चार उपाय एकदम केले, तर गुण कोणत्या उपायाने आला हे कळत नाही.

काही उपाय रोगापेक्षा भयंकर असतात. तापलेला लॅपटॉप शीतकपाटात ठेवू नये. थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून जसे थेंब जमतात, तसे ते यंत्रातही जमू शकतात. ओले फडकेही गुंडाळू नये. आणि तळ किंवा कळफलक फुगून वर आला असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. त्या क्षणी यंत्र बंद करून विजेपासून दूर करावे व वडीलधाऱ्यांना सांगावे. फुगलेली बॅटरी दाबणे वा टोचणे म्हणजे आगीशी खेळ होय.

हाच प्रश्न महासंगणकांनाही सुटलेला नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसविलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकाच्या चिप्स थंड राखण्यासाठी द्रव खेळविण्याची योजना केलेली आहे. यंत्र लहान असो वा मोठे, उष्णतेला बाहेर जाण्यास वाट हवी. ती वाट कोठे अडली हे ज्याने शांतपणे शोधले, त्याने निम्मी दुरुस्ती केलीच.

स्वाध्याय

१. लॅपटॉपचे आपोआप बंद पडणे हे आत्मरक्षण कसे, ते सांगा.
२. बाहेर येणाऱ्या हवेच्या झोतावरून कोणती तीन अनुमाने काढता येतात?
३. एका वेळी एकच बदल का करावा? तुमच्या अनुभवातील एखादे उदाहरण द्या.
४. 'रोगापेक्षा उपाय भयंकर' या कल्पनेवर आठ ओळी लिहा.